जऊळका ते कारंजा, व्हाया हेलियम

माझ्या नातीचा, प्रज्ञाचा, नोकरीसाठी नमुना तास कारंज्याच्या एका कॉलेजात होता. मी सोबत जायचं ठरवलं. तिनं बोलावलं नव्हतं. पण सहा वर्षं ही पोरगी लांबच्या शहरात हेलियम नावाची हवा थंड करत बसलेली. आता कुठं घरून जाऊन-येऊन करता येईल अशी नोकरी समोर आली होती. ती हातची जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

"आजी, तू तिथं काय करशीन?"

"काई नाई. बसून राहीन."

"तुले बसून राहता येते?"

आमचं गाव जऊळक्याजवळ. तुम्हाला जायचं असेल तर सकाळची पहिली एसटी धरा, मालेगावला उतरा आणि शेलूबाजारवरून कारंज्याला जाणारी गाडी घ्या. पाट्या वाचायच्या भानगडीत मी कधी पडले नाही. कंडक्टरला विचारावं, तो पाटीपेक्षा ताजा असतो. बायांना तिकीट अर्धं, पंच्याहत्तरी ओलांडली की फुकट. आधार कार्ड मात्र जवळ ठेवा, सुरकुत्यांचा पुरावा चालत नाही.

गावच्या थांब्यावर नेहमीसारखे दोन घोळके. विहाराकडचे आम्ही लिंबाखाली, पाटलाकडचे पानटपरीपाशी. भांडण नाही, कुणी सांगतही नाही, आपोआप होतं. प्रज्ञा एकदम म्हणाली, "आजी, माह्या हेलियमचं असंच हाय."

ही हवा पार गार करून तिचं पाणी करतात म्हणे. त्यात हेलियम दोन जातींचं.

"तिथंई जाती?"

"प्रकार म्हन, आजी. एक हलकं, एक जड. जरा कमी गार असलं तं मिसळून राहतात. लयच गार केलं का वेगळे होतात. हलकं वर, जड खाली."

"थंडीत तं मानसं जवळ सरकतात. याईले हे उलटं कोनं शिकवलं?"

त्यातलं जड हेलियम आणखी बेरकी. गार झालं की कशालाच अडत नाही, बारीकशा भोकातून वाहतं, भांड्याच्या भिंतीवर चढून बाहेर येतं. असा एक माणूस आमच्या गावातही आहे, पण तो निवडून आलेला असल्यानं नाव सांगत नाही.

तेवढ्यात बस आली आणि दोन्ही घोळके एकाच दारातून आत कोंबले गेले. माझ्या मांडीवर पाटलीणबाईची पिशवी, तिच्या बरगडीत माझं कोपर.

"ओ बुढीमाय, कोपर काढ नं!"

"काढून ठिवू कुठी? तुह्या पिशवीत?"

ती हसली. पिशवीतून चिवडा निघाला. मालेगाव येईस्तोवर आम्ही दोघींनी संपवला.

प्रज्ञा दांड्याला लटकून ओरडली, "हेच, आजी! आमी त्याईले काचेच्या जाळीत कोंबतो. पिंजल्या कापसावानी असते, आत समदी पोकळी. तिथं त्याईले धड वेगळंच होता येत नाई! अन् जड हेलियम थोडंसंच असलं तरी जाळीच्या धाग्याले धरून राहते, अन् तिथूनच बिनअडथळा वाहते."

दांड्या धरत, कुणाला धक्का न लावता कंडक्टर गर्दीतून सरकत होता. "तो पाह्य तुहं हेलियम," मी म्हटलं.

मालेगावला उतरलो आणि पुन्हा दोन घोळके. कोंबून झालेलं गूळपीठ ते! पाटलीणबाईनं लांबून हात केला, तेवढाच शिल्लक.

कारंज्याच्या स्टँडबाहेर तर्री घातलेला आलुबोंडा मिळतो, वीस रुपयांत डोळ्यांतून पाणी. तो खाऊन कॉलेजात गेलो. मला मागचा बाक दिला. पुढं तीन साहेब, मधे पोरं. प्रज्ञानं असलं जड मराठी सुरू केलं की पोरं जांभया द्यायला लागली. मग ती थांबली, खडू ठेवला आणि बस सांगितली. पोरं हसली, सरसावून बसली, कंडक्टरपाशी तर टाळ्या.

एका साहेबानं चष्मा कपाळावर चढवला. "ठीक आहे. पण या सगळ्याचा उपयोग काय?"

मला राहवलं नाही.

"साहेब, पोरायले कळलं नं? तुमच्या मांगच्या तासाले कोनाले काय कळलं होतं?"

वर्गात हशा पिकला. प्रज्ञाचा चेहरा राखेसारखा झाला. हसणं थांबल्यावर ती हळूच म्हणाली, "सर, उपयोग अजून मलाही पूर्ण माहीत नाही. मोकळ्या भांड्यात वागतात तसं ते कोंडल्यावर वागत नाहीत, एवढं नक्की कळलंय."

परतीची बस रिकामी होती. प्रज्ञा माझ्यापासून चार बाक पुढं बसली. मी उठले, दांड्या धरत गेले आणि तिच्याच बाकावर अंग कोंबलं.

"अख्खी गाडी मोकळी हाय, आजी."

"म्हनूनच तं."

ती लांब सरकली नाही.

घरी चार दिवस मला भाकर गोड लागली नाही. मी असंच तोंड घेऊन जन्मले, हे पोरीच्या नोकरीला कोण समजावणार? पाचव्या दिवशी फोन वाजला. "हो सर. नाही सर. हो, ती माझीच आजी."

"काय म्हने?"

"सोमवारी रुजू व्हा म्हने."

"अन् माह्याबद्दल?"

"आजीले परत वर्गात बसवू नका म्हने."

बंदी मला मान्य आहे, तो बाक तसाही टणक होता. पोरगी आता रोज संध्याकाळी घरी येते. त्या मागच्या तासाबद्दल साहेबांचं उत्तर मात्र अजून यायचं आहे.