शिसं लावायचं की नाही

माझे सासरे माझ्याशी बोलत नव्हते. काल ते गेले, आणि घरात सगळ्यात जास्त मी रडले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

आमचं लव्ह मॅरेज. मी चंद्रपूरची, बौद्ध घरातली. प्रशांत सावली तालुक्यातल्या गावातला, ढिवर. त्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या तलावाची मासेमारी.

लग्न दोन्हीकडे पटलं नव्हतं. माझे बाबा लग्नाला आले नाहीत. मामाजी, म्हणजे माझे सासरे, आले, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर एकाच घरात राहून मामाजी माझ्याशी सासूबाईंमार्फत बोलायचे.

"तिले सांग, भाजीत मीठ जास्त झालं."

मी तिथंच उभी असायची. हातात भाजीचं भांडं घेऊन.

रविवारी मी तलावावर जायची. गळाची आवड मला बाबांनी लावलेली. ते धरणावर रॉड घेऊन बसायचे, मी त्यांच्या बाजूला. मी ऑनलाइन मागवलेल्या रबरी अळ्या आणि बेडूक वापरायची. गावात चर्चा व्हायची, सून गळ टाकते म्हणून. व्हायची तर व्हायची.

पण या तलावात माझं काही जमेना. आमिषाला वजनासाठी शिसं लावलेलं, बाबांनी शिकवलं तसं. टाकलं की सरळ खाली, कमळाच्या देठांत. दर वेळी गळाला मासा नाही, शेवाळाचा भारा.

मामाजी पाळीवर, तलावाच्या बांधावर, जाळं शिवत बसलेले असायचे. सगळं पाहायचे. चूप.

एका रविवारी मागून आवाज आला.

"शिसं काढ."

मी वळून पाहिलं. पाळीवर दुसरं कोणीच नव्हतं.

"माझ्याशी बोलले का, मामाजी?"

"मंग का कमळाशी बोलून राह्यलो? काढ ते शिसं. हलकंच पानाईवरून सरकू दे. इथी मरळ खाली नाई राहत, पानाखाली राहते."

मी शिसं काढलं. वेटलेस आमिष कसलं दूर जातंय! जवळच एका पानावर पडलं. हळूच ओढलं तसं पानावरून घसरलं, पाण्यात हेलकावत बुडायला लागलं.

आणि पानाखाली फटाका फुटल्यासारखा आवाज झाला.

"ओढू नको! ओढू नको! घेऊ दे तिले बराबर!" मामाजी जाळं बाजूला टाकून गुडघाभर चिखलात उतरले होते. "हां, आता! आता झटका मार!"

ती मरळ त्यांनीच दोन्ही हातांनी धरून बाहेर आणली. आम्ही दोघंही चिखलानं माखलेलो, आणि ते हसत होते. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

जेवताना ते सासूबाईंकडे वळले, थांबले, आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "रस्सा चांगला झाला."

त्यानंतर रविवार आमचा झाला.

उन्हाळ्यात तलाव आटला. पाणी उरलं ते तुडुमाजवळ, जिथून शेतीला पाणी सोडतात त्या खोल जागी. वारा असा की हलकं आमिष उलटं अंगावर यायचं. मी पुन्हा शिसं लावलं.

मामाजी भडकले. "काढ म्हनलं होतं ना तुले!"

"ते पानांमध्ये, मामाजी. आता पानं कुठं आहेत? मासा तळाशी गेला. आणि या वाऱ्यात हलकं जाते का सांगा? माझे बाबा धरणावर असंच टाकतात."

ते रागानं पाठ फिरवून बसले. मासा लागला तेव्हा मात्र पळत आले. मासा टोपलीत टाकला आणि ते शिसं तळहातावर घेऊन पाहत राहिले.

"तुये बाबा केवढं लावते?"

"तुम्हीच विचारा त्यांना."

माझ्या तोंडून निघून गेलं. मामाजींनी शिसं माझ्या हातात ठेवलं.

"बोलाव मंग. अन् सांग, मी बोलावलं म्हनून."

मी बाबांना तिथूनच फोन लावला. "मामाजींना शिशाचं विचारायचं आहे तुम्हाला."

बाबा म्हणाले, "फोनवर नाही सांगता येत ते. पाणी पाहावं लागते."

पुढच्या रविवारी बाबा आले. लग्नानंतर पहिल्यांदा.

दोघं दिवसभर पाळीवर भांडले.

"आमच्या तलावात तुमचं शिसं म्हंजे नांगर हाय जी!"

"आणि तुमचं बिनवजनाचं पतंगासारखं उडून राह्यलं, त्याचं काय?"

लग्नाबद्दल एक शब्द नाही. तेव्हाही नाही, नंतरही कधीच नाही. जेवायला मात्र शेजारी बसले, आणि तिथंही भांडण चालूच. मी स्वयंपाकघरात सासूबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होते. त्या मला थोपटत होत्या आणि त्याही रडत होत्या.

मग बाबांना सावलीकडे सारखी कामं निघायला लागली.

या पावसाळ्यात मामाजींना श्वास पुरेनासा झाला. गडचिरोलीला ॲडमिट केलं. बाबा चंद्रपूरहून येऊन खाटेजवळ बसायचे. मामाजींना बोलता येईना, तर बाबा दोघांच्याही बाजूनं भांडायचे.

काल अंगणात सगळे जमले. बाबा फाटकाजवळ मागं उभे होते, हात जोडून. त्यांना पाहून नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली, मला ऐकू आली.

सासूबाई घरातून उठून बाहेर आल्या. सगळ्यांसमोर.

"भाऊ, तुमी मागं काऊन उभे? पुढं या. त्याइचे सोबती होते तुमी."

बाबांनी खांदा दिला. वाटेत पोरं म्हणाली, काका, सोडा आता, आम्ही घेतो. बाबांनी नदीपर्यंत खांदा बदलला नाही.

परत आल्यावर ते पडवीत बसले. मी पाणी दिलं. म्हणाले, "आता माझ्याशी इतकं कोण भांडणार, बाई?"

मामाजी, तुमच्या सुनेचा तुम्हाला जय भीम.

शांत झोपा.