चौदाव्या दिवसाचं वजन

रूपा फुलंब्रीच्या पुढच्या एका गावात बारा वर्षं आशाताईचं काम करते. बाळंतीण घरी आली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या दिवशी तिच्याकडे जायचं, झोळीच्या काट्यावर बाळ तोलायचं, आकडा फॉर्मवर लिहायचा. प्रत्येक भेटीला आईची सही लागते. त्या सगळ्या सह्या पहिल्याच दिवशी उरकून घ्यायची रूपाची सवय होती.

दीपमालाचं घर शेतात, गावापासून तीन किलोमीटर. तिच्या बाळाच्या चौदाव्या दिवशी नेमके रूपाच्या लेकीला, श्रेयाला, बघायला पाहुणे आले. पोह्यांना फोडणी देता देता रूपाने अंदाज बांधला. सातव्या दिवशी अडीच किलो होतं, म्हणजे आता दोनशे ग्रॅम तरी चढलं असेल. तिने दोन किलो सातशे लिहिलं आणि फॉर्म पिशवीत टाकला.

एकविसाव्या दिवशी काटा दोन किलो तीनशेवर थांबला. काटाच बिघडला असेल, म्हणून तिने दीपमालाच्या सासूकडून, सारजाबाईंकडून, मिठाचा पुडा मागून टांगून पाहिला. बरोबर एक किलो भरला.

दुपारी सगळे शहरातल्या सरकारी दवाखान्यात होते. बाळ रडतही नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी फॉर्म वाचला. आठवड्यात चारशे ग्रॅम उतरलं म्हणजे इन्फेक्शन मोठं असणार, पाठीतलं पाणी काढून तपासावं लागेल, म्हणाल्या.

"चांगलं चढत व्हतं की," सारजाबाई सुनेकडे न बघता बोलल्या. "हिलाच उठून पाजायचं जिवावर येतं."

दीपमालाने मान खाली घातली. गप्प बसलं तर कुणालाच काही कळणार नाही, असं रूपाच्या मनात आलं. तेवढ्यात सिस्टर सुईचा ट्रे घेऊन आली.

"मॅडम, तो मधला आकडा खोटा आहे," रूपा म्हणाली. "मी त्या दिवशी गेलेच नव्हते."

डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती आकड्यावर रेघ मारली आणि दीपमालाला बाळ पाजायला लावून पाहिलं. बाळाला नीट ओढताच येत नव्हतं. ते दोन आठवडे अर्धपोटी होतं. पाठीची सुई तूर्त थांबवून त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, दूध काढून वाटी-चमच्याने द्यायला सांगितलं.

दीपमाला चमच्याने थेंब थेंब पाजत राहिली. बऱ्याच वेळाने, बाळावरची नजर न काढता, रूपाला म्हणाली,

"हे ओढत नाय, ते मला तवाच कळलं व्हतं, ताई. आत्याबाईला सांगायची भीती वाटली. म्हणलं चौदाव्या दिवशी तुम्ही येताल, तुम्हालाच सांगावं. दिवसभर वाट बघितली."