भोंग्यावर पाजायला लावणाऱ्या नर्सबाई

नर्सबाई घरात शिरल्या की आधी आमचे डबे उघडायच्या. बसा म्हणायची सोय नाही, पाणी नको, चहा नको, थेट फडताळाशी. मध सापडला की बाहेर, सहाणेवर गुटीचा ओला डाग दिसला की कपाळाला आठी. अफूची गोळी सापडली तर मग आमची धडगत नसे. मिलमध्ये जाणाऱ्या बायका तान्ह्याला अफू चाटवून कामावर जात, त्यात तेव्हा कुणाला काही वावगं वाटत नसे. दात येईपर्यंत आईचं दूध, बाकी काही नाही, हे बाईंचं पालुपद ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

बालविधवा होत्या, दवाखान्यात शिकून आलेल्या. जिनं कधी मूल पाजलं नाही ती आपल्याला शिकवणार, असं माझ्या सासूबाई त्यांच्या तोंडावर म्हणत. पण माझी आधीची दोन मुलं वर्षाच्या आत गेली होती. तिसऱ्याच्या वेळी मी भिऊन बाईंचा शब्द धरला आणि पुरती वैतागले. पोराला ठरल्या वेळीच पाजायचं, मधे रडलं तरी घ्यायचं नाही, हा त्यांचा हुकूम. चाळीत घड्याळ कुणाकडे? मग त्यांनीच तोड काढली, मिलचा भोंगा झाला की पाजायचं. अख्ख्या चाळीतली पोरं एकदम प्यायची आणि एकदम रडायची.

एक दिवस मिलचा बॉयलर बिघडला. सकाळपासून भोंगाच नाही. पोर रडून रडून लाल झालं, माझी चोळी दुधानं भिजली, सासूबाईंनी तोंडाचा पट्टा सोडला, तरी मी हट्टानं बसून राहिले. दुपारी नर्सबाई आल्या तेव्हा पोराचा आवाजही निघत नव्हता.

"अगं, पाज की त्याला," त्या म्हणाल्या.

"भोंगा न्हाय झाला बाई अजून."

त्यांनी खाली बसून पोर माझ्या पदराखाली दिलं. पोर प्यायला लागल्यावर उठल्या आणि चाळीतल्या एकेका दारात जाऊन सांगत फिरल्या, की माझं चुकलं, मूल मागेल तेव्हा पाजा. अफू मात्र नाहीच. मला संताप आला. माझं पोर मरता मरता वाचलं आणि ही बाई नुसतं चुकलं म्हणते! मी बोलणंच टाकलं. महिन्याभरात त्यांची लांब मंद्रूप गावाला बदली झाली. निरोप घ्यायला आल्या, तर मी चुलीपुढून उठले नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

पोर अंगानं भरलं, चालायला लागलं. मला पुन्हा दिवस गेले, तेव्हा सासूबाईंनी आपण होऊन मंद्रूपला जायची बैलगाडी सांगितली. इथं शहरातच सात रस्त्याला मोठा डॉक्टर असताना इतक्या लांब त्या बाईकडं कशाला, असं शेजारणीनं विचारलं. गाडीत माझ्या पाठीशी उशी लावत सासूबाई म्हणाल्या,

"ती चुकली तर चुकले म्हनून दारात येऊन सांगती. दुसरं कोन सांगतंय?"