दाराची फट

लुंबिनी गजभारे भित्री आहे, हे नांदेडच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात आम्हा सगळ्यांना माहीत आहे. कुत्रं दिसलं की ती रस्ता ओलांडते. लिफ्टमध्ये एकटी चढत नाही. कुकरची तिसरी शिट्टी झाली की स्वयंपाकघराच्या बाहेर येऊन उभी राहते. आणि काम करते गाड्यांच्या सर्वेअरचं. बँक, विमा कंपनी किंवा एखादं गिऱ्हाईक सांगेल ती जुनी गाडी तपासायची, तिची हालत आणि वाजवी किंमत कागदावर लिहायची, खाली सही करायची. त्या सहीची तिला कुत्र्यापेक्षा जास्त भीती वाटते.

आधी तसं नव्हतं. तिचे वडील सुगत गजभारे देगलूर नाक्यावरच्या एका गॅरेजात डेंटर होते. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. लहानपणी ती डबा घेऊन जायची तेव्हा ते तिला दारावर बोटाची पेरं वाजवून ऐकायला लावायचे. कोरा पत्रा कसा वाजतो, लांबी म्हणजे पुट्टी भरून घासलेला पत्रा कसा भद्द वाजतो, हे तिला बाराखडीच्या मागोमाग आलं. पुढं पॉलिटेक्निकला ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केला, परवाना काढला. पहिली काही वर्षं ती भराभर सह्या करायची.

मग कंधारच्या एका माणसासाठी तिनं एक जुनी जीप पास केली. स्टिअरिंगच्या खाली एक तडा वेल्डिंग करून वरून रंग मारलेला होता, तो तिच्या नजरेतून सुटला. महिनाभरात जीप चारीत गेली आणि त्या माणसाचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तिला कोणी दोष दिला नाही. त्या माणसानंही नाही. ती दवाखान्यात गेली, वॉर्डाच्या दारात थोडा वेळ उभी राहिली आणि आत न जाता परत आली. त्या दिवसापासून ती प्रत्येक गाडी तीनदा तपासते, आणि तरीही सही करताना तिच्या तळहाताला घाम येतो. बाजारातले दलाल तिला टाळतात. पण ज्याला स्वतःच्या पैशानं गाडी घ्यायची असते, तो तिच्याकडंच येतो.

गेल्या वर्षी माघात बजरंग राऊत आला तो असाच. अर्धापूरचा केळीवाला. पंधरा एकर केळी, माल उत्तरेत जातो. वय पंचेचाळीस, पण मोबाईलमधले फोटो दाखवताना सातवीतल्या पोरासारखा दिसत होता.

"ताई, ही बघा. सासष्ट सालची विलायती. दोनच सीटा, टप उघडतंय. लातूरला राजशेखरआप्पा उस्तुर्गेंकडं हाय. डाळमिलवाले. अठ्ठावीस लाख म्हणून राहिले. मी इसार देऊन आलो."

"तपासायच्या आधी इसार दिलात?"

"मन बसलं हो." त्यानं फोटोवरून अंगठा फिरवला. "गाडी चांगलीच हाय. तुम्ही फक्त किंमत बरोबर हाय का तेवढं लिहून द्या."

अशी गाडी तिनं आयुष्यात हाताळली नव्हती. नाही म्हणावं असं तिला वाटलं. पण पंधरा दिवस तिनं त्या गाडीबद्दल मिळेल ते वाचलं. मुंबई-पुण्यात अशा गाड्या बाळगणाऱ्या लोकांना फोन केले, अलीकडं कोणती गाडी किती किमतीला गेली ते विचारून घेतलं. सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली. या गाडीला पक्कं छत नाही, म्हणून तिचा सगळा भार दाराखालच्या पोकळ पट्ट्यांवर असतो. रंग, इंजिन, चाकं नंतर. आधी त्या पट्ट्या बघा.

लातूरला दोघं बजरंगच्या गाडीतून गेले. उस्तुर्गेंचा मळा औसा रस्त्याला होता. फाटक उघडलं तशी दोन दांडगी कुत्री धावत आली आणि लुंबिनीनं गाडीचं दार आतून लावून घेतलं. राजशेखरआप्पांनी ती स्वतः बांधली. पासष्टीचा उंचपुरा माणूस, पांढरे कपडे, कपाळावर विभूती, बोलणं अगदी हळू. इतकं हळू बोलणाऱ्या माणसांची तिला धास्ती वाटायची.

लाल गाडी शेडमध्ये उभी होती. रंग आरशासारखा. तारांची चाकं लखलखत होती. आर.सी. वरचे नंबर चेसिसशी आणि इंजिनाशी जुळले. इंजिन एका झटक्यात लागलं, धूर नाही. बजरंगनं तिच्याकडं बघून दोन्ही हात पसरले, जणू गाडी त्यानंच बनवली होती.

लुंबिनीनं पर्समधून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि पत्र्यावरून फिरवायला सुरुवात केली. बॉनेटला धरलं. दाराला धरलं. दाराखालच्या पट्टीला लावलं आणि हात सोडला, तर चुंबक खाली पडलं. एक वीत पुढं लावलं. परत पडलं. तिनं पेरं वाजवली. भद्द.

ती वळसा घालून उजवीकडं गेली, तर तिथल्या पट्टीलाही चुंबक धरेना.

"जॅक लावून बघावं लागेल," ती म्हणाली.

"लावू की," आप्पा म्हणाले. "आधी एक चक्कर मारू. गाडी उभ्यानं कळत न्हाई. बसा."

सीटा दोनच. बजरंग शेडमध्ये राहिला आणि ती त्या अनोळखी माणसाशेजारी, जमिनीपासून वीतभर उंचीवर जाऊन बसली. कमरेला बांधायला पट्टा नव्हता.

औसा रस्त्यावर आल्यावर आप्पांनी गाडी सोडली. उसाचे ट्रॅक्टर, मालट्रक, एसट्या. लुंबिनीच्या तोंडासमोरून ट्रकच्या चाकांचे मधले तुंबे फिरत जात होते. वारा इतका की डोळे उघडे राहत नव्हते. तिनं डाव्या हातानं दाराची मागची कड धरली, आणि तेव्हा तिला ते जाणवलं. दार आणि बॉडी यांच्यामधली फट प्रत्येक खड्ड्याला उघडत होती आणि मिटत होती. श्वास घेतल्यासारखी. तिचं बोट त्या फटीत चिमटलं.

"आप्पा, हळू घ्या."

"हळू चालवायला घेतली का ही?" ते हसले. काटा नव्वदवर होता.

"आप्पा, गाडी मधून वाकून राहिली! थांबवा!"

त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं तरी खरं वाटलं नसेल. पुढं रस्त्यावर नव्या डांबराचा उंचवटा होता. गाडी त्यावरून आदळली, फट कराकरा मिटली, परत उघडली आणि कडी निसटून तिच्या बाजूचं दार सताड उघडं झालं. खाली काळा रस्ता पळत होता. ती ओरडली की नाही, हे तिला आजही आठवत नाही. आपण आप्पांचा सदरा दोन्ही हातांनी धरला होता, एवढं आठवतं. आप्पांनी ब्रेक दाबला, गाडी हेलकावे खात हरभऱ्याच्या रानाकडेला थांबली.

तिच्या बोटातून रक्त येत होतं.

"कडी नीट लागली नसंल," आप्पा म्हणाले. परत येताना मात्र त्यांनी गाडी तीसच्या वर नेली नाही.

मळ्यात आल्यावर तिनं बजरंगच्या गाडीतला जॅक काढला. लाल गाडीचं दार आधी उघडून लावून दाखवलं. लागलं. मग पट्टीच्या मध्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक चढवला. आत काहीतरी करकरलं. अजून चढवला. मग तिनं बजरंगला दार लावायला सांगितलं. दार चौकटीत बसेना. बजरंगनं जोर लावला, तरी दोन बोटं बाहेरच; जॅकच्या जोरानं गाडीच मधून वाकली होती.

आप्पांनी ते पाहिलं. मग गड्याला म्हणाले, "फाटक लाव."

फाटकाची साखळी वाजली.

"मॅडम, हे कागदावर आलं तर ही गाडी कोणी घ्यायचं न्हाई," आप्पा नेहमीसारखं हळूच म्हणाले. "तुम्ही नांदेडात कुठं राहता?"

तिनं बजरंगकडं पाहिलं. तो गाडीकडं बघत होता.

"ताई," तो म्हणाला, "थोडं इकडंतिकडं करून लिहिता येत न्हाई का? नंतर करून घेऊ की काम. रंग बघा ना कसाय."

ज्याच्यासाठी ती आली होती, तोच असं म्हणाला, तेव्हा तिला सगळ्यात जास्त एकटं वाटलं. बंद फाटक, बांधलेली कुत्री, दोन पुरुष. सही करून मोकळं व्हावं, घरी जावं. कोणाला कळणार होतं? तिनं पेन काढलंही. मग तिच्या डोळ्यांसमोर दवाखान्याचा तो वॉर्ड आला, ज्यात ती गेली नव्हती.

"आप्पा, या गाडीत तुमच्याशिवाय कोण बसतं?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

"कोण म्हणजे? परवा नातीला घेऊन औशाच्या किल्ल्यापर्यंत जाऊन आलो. तनुजा. नऊ वर्षांची हाय."

"डाव्या सीटवर?"

आप्पांनी डाव्या दाराकडं पाहिलं.

"मला एक पेचकस द्या."

गड्यानं आणून दिला. ती गुडघ्यावर बसली आणि पट्टीच्या खालच्या कडेला, जिथं रंग थोडा फुगला होता, तिथं टोक लावून दाबलं. लोखंडात जायला नको होतं. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. तिनं फिरवून ओढला तशी लांबीची खपली निघाली आणि आतून बोळे करून कोंबलेली वर्तमानपत्रं बाहेर आली. तेलुगू अक्षरं होती. त्यामागं गंजाचा लाल भुगा घळघळ पडायला लागला, तो थांबेना. हाताएवढ्या भोकातून पलीकडची जमीन दिसली.

आप्पा खाली बसले. पांढऱ्या धोतराची पर्वा न करता मातीत. तो भुगा त्यांनी तळहातावर घेतला.

"मी एकोणीस लाख दिले," ते म्हणाले. "विकणारे सगळी नवी बनवली म्हणले होते. फोटो दाखवले मला." मग एकदम, "उजवीकडं पण असंच?"

"चुंबक तिकडंही पडलं."

लुंबिनीला त्या क्षणी त्यांची भीती वाटायची थांबली असं मी म्हणालो असतो, पण तिनं मला तसं सांगितलेलं नाही. ती म्हणते, उलट जास्त वाटली. फसवलेला माणूस काय करेल सांगता येत नाही.

शेडमधल्या बाजेवर बसून तिनं कागद लिहिला. रक्ताचा एक ठिपका वरच्या कोपऱ्यात पडला. इंजिन चांगलं, कागदपत्रं बरोबर, रंग फक्त वरचा. दोन्ही पट्ट्या कुजलेल्या. गाडी रस्त्यावर चालवू नये. आहे त्या हालतीत किंमत साडेसात लाख. पट्ट्या कापून नव्या बसवल्या आणि परत तपासून घेतल्या तर बावीसपर्यंत. अक्षर इतकं वाकडं आलं की बजरंगला वाचता आलं नाही, तिलाच वाचून दाखवावं लागलं.

आप्पांनी सगळं ऐकलं. "फाटक उघड," गड्याला म्हणाले. आणि या दोघांना, "जावा तुम्ही."

इसाराचं नाव कोणी काढलं नाही. नांदेडपर्यंत बजरंग तिच्याशी एक शब्दही बोलला नाही.

घरी वडील ओट्यावर बसले होते. आयुष्यभर पत्रा ठोकून त्यांचे कान गेलेत, तिला ओरडून सांगावं लागलं.

"भ्यालीस?"

"हाव."

"लिहिलीस का पण?"

"हाव."

"बोटाला हळद लाव," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून एका अनोळखी नंबरवरून फोन यायला लागले. ती उचलायची नाही. कडी दोनदा बघायची. दारासमोर मोटारसायकल थांबली की पडद्याआडून पाहायची. आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी वडिलांनीच फोन उचलला आणि ऐकू येईना म्हणून तिच्या हातात दिला.

"मॅडम, आप्पा बोलून राहिलो," पलीकडून तोच हळू आवाज. "किती दिवसांचा फोन लावतोय तुम्हाला. पट्ट्या कुठं होतील, ते सांगा. आणि बजरंगचा इसार मी परत पाठवलाय. गाडी मी आता विकत न्हाई. आधी नीट करतो."

तिनं पुण्यातल्या एका कारागिराचा पत्ता दिला. 'कुठं राहता' हे त्या दिवशी कशासाठी विचारलं होतं, ते तिनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

गाडी आठ महिने पुण्यात होती. दिवाळीनंतर आप्पांनी तिला परत बोलावलं, आणि बजरंगलाही. तो आला तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "त्या दिवशी मी चुकलो, ताई." यावेळी चुंबक दोन्ही पट्ट्यांना टकदिशी चिकटलं. पत्रा खणखणीत वाजला. जॅक चढवला, दार लोण्यासारखं लागलं. तिनं तीनदा लावून पाहिलं, मग खाली झोपून बॅटरीनं प्रत्येक वेल्डिंग पाहिलं. दोन तास लागले. किंमत लिहिली एकवीस लाख. आप्पा म्हणाले, बावीस म्हणाला होतात. ती म्हणाली, एक लाख मागच्या चाकांच्या तारांचे, त्या बदलाव्या लागतील. आप्पांनी क्षणभर तिच्याकडं पाहिलं आणि मान डोलावली. एकवीसला व्यवहार झाला.

बजरंगनं गाडी तिथूनच चालवत न्यायची ठरवली आणि तिला शेजारी बसायचा आग्रह केला. तुम्हीच पास केली, तुम्हीच बसायचं न्हाई म्हणता का, असं म्हणाला. ती बसली. बजरंग पन्नासच्या वर गेला नाही. पण ट्रकची चाकं तेवढीच मोठी होती. तिनं सगळा रस्ता दाराची कड धरून ठेवली, फटीत बोट ठेवून. फट हलली नाही.

अहमदपूरला चहाला थांबले. चहा पिऊन ती उठली, बजरंगला म्हणाली, "गाडी चांगली हाय, मलाच तेवढा धीर न्हाई," आणि स्टँडावर उभ्या नांदेडच्या एसटीत जाऊन बसली.

बजरंग हसला नाही. एसटी नांदेडपर्यंत पुढं आणि त्याची लाल गाडी तिच्या मागं, असा तो चालवत आला.