पांढऱ्या पायाची

माझ्या माहेरी पांढरे पाय म्हणजे कामावरून आलेले पाय. आमचं गाव कोलशेतच्या खाडीकडचं. वडील मिठागरात कामाला. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहून मीठ ओढायचं, आणि संध्याकाळी ओटीवर बसून पाय बादलीत सोडायचे. गुडघ्यापर्यंत पांढरी खपली धरलेली असायची, टाचांच्या भेगांत मीठ बसलेलं असायचं. ते चोळून काढायचं काम माझं. शब्दाला दुसरा अर्थ असतो हे मला लग्न होईपर्यंत ठाऊक नव्हतं. मराठी घेऊन बी.ए. झालेले, तरी नव्हतं.

लग्न प्रेमाचं. आम्ही ठाण्यात एकाच कॉलेजात होतो. त्याचं घर डोंबिवलीला, मूळ कोकणातलं, तीन पिढ्या कारकुनी आणि मास्तरकी केलेलं. सासूबाई आलेल्या-गेलेल्याला सांगायच्या, "आम्ही पांढरपेशी माणसं." माझ्या समोर जरा मुद्दाम सांगायच्या. लग्नाला त्यांनी नाही म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही. सासऱ्यांना मात्र मी आवडलेले. ते सकाळी पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसायचे आणि अडलं की स्वयंपाकघरात हाक मारायचे, "मराठीवाली, ये जरा."

लग्नाला अठरा दिवस झाले होते. सासरे भाजी घेऊन वर येत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बसले ते बसलेच. पिशवीतला दुधी जिन्यावरून खाली गडगडत गेला, तो आवाज ऐकून मी दार उघडलं. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलेलं.

तेराव्याला माझे वडील आले. धुतलेला सदरा, धोतर. चपला दाराबाहेर काढून ते आत खुर्चीच्या अगदी कडेला बसले. मी पाणी घेऊन गेले, तेवढ्यात आतल्या खोलीतून नवऱ्याच्या आत्याचा आवाज आला. हळू बोलायची तिला सवयच नव्हती.

"अठराव्या दिवशी नवऱ्याचा बाप खाल्ला. पांढऱ्या पायाची आणलीत घरात, दुसरं काय!"

वडिलांनी आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मला वाटलं, त्यांना वाटतंय की त्यांच्याच भेगाळलेल्या पायांबद्दल बोलतायत. मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. मी त्यांना कोपऱ्यावरच्या रिक्षापर्यंत सोडायला गेले. रिक्षात बसताना ते म्हणाले, "मनाव घेव नको गो बाय. मानसा मरतान. त्याला तुजं पाय काय करतील?"

म्हणजे त्यांना बरोबर कळलेलं. माझ्यापेक्षा आधी.

रात्री मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ दे ना. जुनी माणसं आहेत." पुढची तीस वर्षं त्याचं हेच उत्तर होतं. माणसं जुनी होती, नंतर आजारी होती, नंतर मेलेली होती. बोलायची वेळ कधी आलीच नाही.

सासूबाईंनी तो शब्द आत्याकडून घेतला आणि जपून वापरला. रागावून कधी नाही. नवरा परीक्षेला किंवा मुलाखतीला निघाला की त्या मला सांगायच्या, "तू आतच थांब हं जरा." इमारत पाडून नवी झाली आणि आम्हाला नवा ब्लॉक मिळाला, तेव्हा उंबरठ्यावर त्यांनी मला हाताने अडवलं आणि नणंदेला पुढे केलं. मी काही म्हणाले तर त्या स्वतःच्या केसांवरून हात फिरवायच्या. "हे काय उन्हात पांढरे नाही केलेत."

पहिल्या खेपेला माझं चौथ्या महिन्यात पडलं. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, चक्कर यायची का, अंगावरून पांढरं जायचं का. सासूबाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. मी उत्तर द्यायच्या आत त्या म्हणाल्या, "तिचं सगळं पांढरंच आहे हो." डॉक्टरीणबाईंनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागल्या. नवरा बाहेर औषधं आणायला गेला होता. त्याला मी हे सांगितलंच नाही. उत्तर पाठ होतं.

मी शाळेत मराठी शिकवायचे. एकदा सातवीला वाक्प्रचार घेत असताना फळ्यावरच्या यादीत तो आला. एका मुलीने विचारलं, "टीचर, पांढऱ्या पायाची म्हणजे?" मी "अपशकुनी" एवढंच सांगून पुढच्या वाक्प्रचारावर गेले. पण मधल्या सुट्टीत डबा न खाता लायब्ररीत जाऊन कोश उघडला. कुठेतरी लिहिलेलं सापडेल असं वाटत होतं, की हे का. पांढरा हा शब्द संस्कृतातल्या पांडुरवरून आलेला. पांडुर म्हणजे नुसतं शुभ्र नव्हे, फिकट, पिवळटही. रक्त कमी झालेल्या माणसाच्या रंगाचा, पांडुरोग त्यातलाच. भीतीने चेहरा होतो तो पांढराफटक. शेतीची जमीन ती काळी, आणि गाव वसतं ती पांढरी. माणसाने घर बांधून राहावं अशी जागा. पेशा हा फारसी शब्द, म्हणजे धंदा. त्यामुळे पांढरपेशा म्हणजे ज्याच्या कपड्यांना कामाचा डाग लागत नाही तो. नवरा गेला की बाईचं कपाळ पांढरं. आणि पाय पांढरे म्हणजे अपशकुनी. पायच का, पांढरेच का, हे कुठेच नव्हतं. तेवढंच सोडून सगळं होतं. मी कोश मिटला. त्या दिवशी लायब्ररीच्या टेबलावर डोकं ठेवून मी रडले होते, हे आज पहिल्यांदा लिहितेय.

नंतर मुलगा झाला. सासूबाईंनी त्याला वाढवलं, तेही प्रेमाने. खोटं कशाला बोलू. शेवटची चार वर्षं त्या अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचं सगळं मी केलं. रोज वाटायचं, आज काहीतरी म्हणतील. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं. मी वाकले. म्हणाल्या, "पंखा कमी कर." बस्स.

मागच्या वर्षी मुलाचं लग्न झालं. मुलगी कल्याणची, बँकेत नोकरीला. बोलायला मोकळी. उखाणा घेताना मध्येच विसरली आणि स्वतःच जोरात हसली. मला आवडली. मी मनाशी ठरवलेलं, हिला ह्या घरात कुठल्याच दारावर कोणी थांबवणार नाही.

लग्नाला तीन आठवडे झाले आणि मुलाची नोकरी गेली. सकाळी साडेनऊला लॅपटॉप उघडला तर उघडेचना. मग फोन आला. कंपनीने सगळी टीमच काढलेली. तो बेडरूममध्ये दार लावून बसला. सून त्याच्यासाठी चहा करून घेऊन गेली. मी नणंदेला फोन लावला. कोणाला तरी सांगायला हवं होतं.

नणंद म्हणाली, "काय गं बाई. ही पण पांढऱ्या पायाची निघाली की काय?"

ही पण. ते 'पण' माझ्यासाठी होतं. मला ते ऐकू आलं, कळलंही. आणि मी म्हणाले, "हो ना. पाय पांढरेच म्हणायचे."

मागे वळले तर सून स्वयंपाकघराच्या दारात रिकामा कप घेऊन उभी.

"आई, पाय पांढरे म्हणजे?"

तिच्या चेहऱ्यावर खरंच प्रश्न होता. हा शब्द तिच्यापर्यंत पोचलेलाच नव्हता. तीस वर्षं मुलांना शब्दांचे अर्थ सांगितलेली बाई मी. म्हणाले, "म्हणजे गोरे गं."

तिने पायांकडे पाहिलं. "माझे? काहीही हं आई. चपलांचा नुसता टॅन आलाय." आणि कप विसळून ठेवला.

तिने बहुतेक रात्री तिच्या आईला विचारलं असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते. ती आंघोळ करून आली आणि ओट्याजवळ उभी राहिली.

"गोरे नाही ना, आई?"

"नाही."

"तुम्हाला कोणी म्हटलेलं असं कधी?"

"हो."

तिने डब्याचं झाकण लावलं. "मग कसं लागतं ते माहीत होतं तुम्हाला." एवढं बोलून ती डबा घेऊन गेली. रडली नाही, आवाज चढवला नाही. नवरा बाहेर पेपर वाचत बसला होता. त्याने सगळं ऐकलं. मला वाटलं, आता नेहमीचं येणार, जाऊ दे. पण तो पेपरातून मान वर न करता म्हणाला, "अगदी आईसारखं बोललीस." इतक्या वर्षांत ह्या विषयावर त्याला पहिल्यांदा बोलावंसं वाटलं, ते असं.

माफी मी मागितली. संध्याकाळी, ती आल्या आल्या, दारातच. ती म्हणाली, "इट्स ओके, आई." तिला त्या क्षणी मला मोकळं करायचं होतं की विषय संपवायचा होता, मला कळलं नाही.

मुलाला दीड महिन्यात दुसरी नोकरी लागली, पहिलीपेक्षा बरी. पहिल्या पगारानंतर त्यांनी ठाकुर्लीला भाड्याने ब्लॉक घेतला. कारण सांगितलं की तिला ऑफिसला सोपं पडतं. सोपं पडत नाही, उलट लांबच पडतं. सामान हलवायला मी गेले होते. भांडी मीच लावून दिली. ती म्हणत राहिली, "आई, तुम्ही बसा हं, तुम्ही नका करू." पाहुण्याला म्हणतात तसं.

रविवारी येतात दोघं. ती माझ्यासाठी काहीतरी आणते, माझ्या गुडघ्यांची चौकशी करते. मी तिच्यात दोष शोधू गेले तरी सापडणार नाही.

गेल्या महिन्यात मुलाचा एकट्याचाच फोन आला. म्हणाला, गुड न्यूज आहे, पाचवा लागला.

"पाचवा? आणि आत्ता सांगतोयस?"

तो जरा अडखळला. "अगं, तीच म्हणाली, इतक्यात आईंना नको."

"बरं," मी म्हणाले. "काळजी घ्या. तिला सांग, जिन्याने चढ-उतर नको करू."

फोन ठेवला. नवऱ्याने विचारलं, "काय म्हणाला?" मी सांगितलं. तो खूश झाला, पेढे आणायला लगेच चपला घालून निघाला. मी दार लावून घेतलं.