दिवा लागला, बाहेर बसा

माझी सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून गेली. त्यामुळे कोणी "काळजी करू नका" म्हणालं, की माझी काळजी तिथूनच सुरू होते. 'स्वच्छ आहे' असं सांगून आलेल्या कात्र्या मी परत पाठवल्या आहेत आणि त्यापायी सर्जनची बोलणीही खाल्ली आहेत. संशय घेणं हा आमच्या कामाचाच भाग. निवृत्तीच्या दिवशी तो काही युनिफॉर्मबरोबर परत घेत नाहीत.

निवृत्तीनंतर मुलाने आम्हाला पुण्यातल्या मंडईमागच्या दोन खोल्यांतून उचललं आणि शहराबाहेर मांजरी गावातल्या नव्या सोसायटीत नेऊन ठेवलं. स्वतः राहणार बेंगळुरूला. कारण यांची छाती. हे, म्हणजे माझे यजमान, यांची हयात छापखान्यात कागदाच्या धुळीत गेलेली. दोन जिने चढले की छातीत शिट्टी वाजायची. गावाकडे मोकळी हवा मिळेल, असं मुलाला वाटलं. हवा मोकळी होतीच, पण तिच्याबरोबर समोरच्या टॉवरचं सिमेंटही मोकळं होतं, आणि ऊस तुटला की शेतात पेटवलेल्या पाचटाची राखही. मग खिडक्या बंद आणि घरभर एसी. पॅसेजच्या छतात एक मोठं यंत्र, तिथून स्वयंपाकघर सोडून प्रत्येक खोलीत हवेचे पत्र्याचे बोगदे. त्या यंत्राच्या पोटात मुलाने अल्ट्राव्हायोलेट दिवा बसवून घेतला. हवा दिव्यावरून जाते, जंतू मरतात, बाबांना त्रास नाही. फोनवर म्हणाला, "आई, टोटली ऑटोमॅटिक आहे. तू फक्त हात लावू नकोस."

हे मला सांगायचं नाही. हा दिवा मी त्याच्या जन्माआधीपासून ओळखते. आमच्या थिएटरच्या भिंतीवर त्याची नळी असायची. शेवटची केस झाली की सगळ्यांना बाहेर काढायचं, दाराला कुलूप लावायचं आणि मग बाहेरून बटण दाबायचं. नळी किती तास जळाली ते वहीत लिहायचं, आणि आठवड्याला ती बंद करून स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची. एकदा आमची सफाईवाली बादली आत राहिली म्हणून गेली आणि दिवा चालू असतानाच निवांत लादी पुसून आली. दुसऱ्या दिवशी तिचे डोळे उघडेनात. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय म्हणून रडत होती बिचारी. दिवा लागला की माणूस बाहेर, हा नियम तेव्हापासून माझ्या हाडात बसला.

आणि इथे तोच दिवा डोक्यावर लावून आम्ही खाली टीव्ही बघत बसायचं! देखभालीला कंपनीचा माणूस यायचा. लोणी काळभोरचा, चाळिशी उलटलेला, बोलायला कमी. पहिल्याच खेपेला मी त्याला धरला.

"आत दिवा लागलाय कशावरून?"

"त्या भोकातनं निळं दिसतंय की, मावशी."

"निळं गणपतीच्या माळेतही दिसतं. आणि उजेड दिसतोय म्हणजे तो बाहेर येतोय, त्याचं काय?"

"तिथं काच हाय. नुसता उजेड येतो, बाकी अडतं. डबा बंद हाय."

"बंद आहे, असं तुम्ही म्हणता."

"कंपनी म्हणती," तो म्हणाला.

कंपनी म्हणती! कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी तिथेच ओळखलं. दिव्याला वेगळं बटण होतं, ते मी ताब्यात घेतलं. सकाळी दहा ते अकरा, संध्याकाळी पाच ते सहा दिवा लावायचा, आणि तेवढा वेळ एसीच्या खोल्यांत कोणी थांबायचं नाही. स्वयंपाकघरात बोगदा नव्हता, म्हणून मी दार लावून तिथे. पण यांना फोडणीचा वास सोसत नसे. राहिली गॅलरी. तिथे वेताची खुर्ची टाकली, अंगावर शाल, हातात पेपर, आणि मधलं काचेचं दार घट्ट बंद. "दिवा लागला, बाहेर बसा," मी म्हणायचे आणि हे उठायचे. फ्रिजवर तक्ता लावला, तास लिहायला लागले. मनाला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

थंडी पडली आणि यांचा खोकला वाढला. दिवसाकाठी एकदा लागणारा श्वासाचा पंप तीनदा लागायला लागला. मी म्हटलं, नळीवर धूळ बसली असणार. त्या माणसाला बोलावून नळी समोर पुसून घेतली. खोकला कमी होईना. मग वाटलं, नळीच नकली आहे. मुलाला फोन करून सांगितलं, तुला चांगलं गंडवलंय. तो चिडला. मी दिवा दोन्ही वेळा दीड-दीड तास केला. खोकला आणखी वाढला.

तिसऱ्यांदा तो माणूस आला तो संध्याकाळी, दिव्याच्याच वेळेला. दिवा बंद करून त्याने शिडी लावली, डबा उघडला. मी खाली उभी राहून त्याला तक्ता वाचून दाखवला, तारीखवार. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"एवढा येळ बाबा कुठं असत्यात?"

"गॅलरीत. आत्ताही तिथेच आहेत."

"रोज?"

"रोज. मग काय दिव्याखाली बसवू?"

तो शिडीवरून उतरला आणि त्याने गॅलरीचं दार सरकवलं. पलीकडच्या शेतात पाचट पेटलेलं होतं. यांच्या शालीवर, मांडीवरच्या पेपरवर काळे कण पडले होते. पेपरवरून बोट फिरवून त्याने ते मला दाखवलं.

"माणसानं घरात बसावं म्हणूनच दिवा डब्यात घातलाय, मावशी," तो हळू आवाजात म्हणाला. "हवा आत चांगली करताय आन् बाबांना राखंत बसवताय."

तुम्हाला काय कळतंय, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण तो धूर मी रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते, शेतकऱ्यांच्या नावाने बोटं मोडत होते. मी यांना हाताला धरून आत आणलं आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी हडपसरला यांच्या छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. मध्यंतरी काय झालं, असं त्यांनी विचारलं तर हे म्हणतात, "थंडी आहे ना यंदा जरा."

"थंडी नाही," मी म्हटलं. "दिवसातले तीन-तीन तास यांना धुरात बसवलं. मी बसवलं."

डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं. औषधाने काही भरून येईल, काही येणार नाही, असं म्हणाले. हे वाक्य डॉक्टर लोक नातेवाइकांना सांगताना मी कितीदा ऐकलंय, आणि दर वेळी मला वाटायचं, डॉक्टर काहीतरी लपवतायत. त्या दिवशी तसं वाटलं नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली.

घरी आल्यावर मी यांच्यावरच चिडले. रडूही येत होतं. "त्रास होत होता तर तोंडाने बोलायला काय झालं होतं तुम्हाला?"

यांना दोन शब्दांच्या मध्ये श्वास घ्यावा लागत होता.

"माझ्या आईच्या आजारपणात तू डॉक्टरांवर संशय घेतलास, तो खरा निघाला. बिल्डरवर घेतलास, तोही खरा निघाला. म्हटलं, तुला कळत असणार."

मी पाठीवर हात ठेवला तर हाताखाली शिट्टी वाजत होती. यांनी एकदा तरी माझ्यावर संशय घ्यायला हवा होता.