रानपिंगळ्याला मारलेलं ढेकूळ

मी नादाने पक्षी पाहणारा, पण पोटासाठी देवीची लस टोचायचो. महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. वरवट बकालहून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत सायकल आणि तिथून वर पायी, अशी माझी फेरी असे. लोक मला ‘देवी डाक्तर’ म्हणायचे. मी डॉक्टर नव्हतो, पण कधी कुणाची चूक सुधारली नाही. मोठं म्हटलेलं कुणाला आवडत नाही?

पायथ्याच्या गावातला एक म्हातारा शेतकरी मला डोंगरातली वाट दाखवायला येई. मी त्याला बाबा म्हणायचो. त्या वर्षी तो भलताच खुशीत होता. बारा वर्षं वाट पाहायला लावून सुनेने आठवड्यापूर्वीच त्याला नातू दिला होता. सव्वा महिना झाल्याशिवाय लेकरू मांडीवर मिळणार नव्हतं, त्यामुळे चढण चढताना तो मला दिवस मोजून दाखवत होता. मधेच थांबून म्हणाला, “डाक्तर, भर उन्हात बसणारा पिंगळा दाखवू काय तुमाले?”

माझे कान टवकारले. गावातला पिंगळा दिवसा बहुतेक ढोलीतच असतो आणि त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. पण एका जुन्या इंग्रजी पुस्तकात मी वाचलं होतं की सातपुड्यात एक निराळा पिंगळा आहे, डोकं जवळजवळ बिनठिपक्याचं, आणि कित्येक वर्षांत तो कुणाला दिसलेला नाही.

तो दिसला. वरच्या वस्तीच्या अलीकडे, नांगरलेल्या वावराच्या कडेला, पानं झडलेल्या सागाच्या शेंड्यावर तो उन्हात बसला होता. थोराड डोकं, जाड पाय, शेपटी झटकत होता. पण पाठमोरा. मी दुर्बीण लावून अर्धा तास बसलो. पठ्ठ्या वळेना. डोक्यावर ठिपके आहेत की नाहीत ते धड कळेना. मी तसा तापट माणूस. वावरातलं एक ढेकूळ उचललं आणि भिरकावलं.

ढेकूळ फांदीला लागून फुटलं. पिंगळ्याने मान फिरवून माझ्याकडे पाहिलं. डोकं साफ होतं! मग तो उडाला आणि खालच्या नाल्याकडे गेला. मी आनंदाने ओरडलोच. बाबा मात्र खाली बसला होता. “हे काऊन केलं, डाक्तर?”

घुबडाला, पिंगळ्याला ढेकूळ मारायचं नसतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ते ढेकूळ तो पाण्यात नेऊन टाकतो आणि ते विरघळेल तसा मारणारा झिजत जातो. मलाही माहीत होतं. मी शिकलेला म्हणून हसलो.

हसू वस्तीपर्यंतच टिकलं. शेळ्या राखणाऱ्या एका बाईने ढेकूळ उडालेलं आणि पिंगळा नाल्याकडे गेलेला लांबून पाहिलं होतं. मारलं कुणी हे तिला दिसलं नव्हतं. लस घ्यायला जमलेली माणसं आपापली पोरं पाठीशी घालून उभी राहिली. झिजायला लागलेल्या माणसाकडून टोचून कोण घेणार? मी तोंड उघडायच्या आत बाबा पुढे झाला.

“म्या मारलं. डाक्तरचा काई संबंध नाई.”

मी गप्प राहिलो. त्या दिवशी सगळ्या वस्तीने लस घेतली. देवीने पोरं मेलेली मी पाहिली होती, तेव्हा त्या गप्प राहण्याची लाज मला आजही वाटत नाही.

लाज वाटते ती पुढची. आम्ही उतरलो तर बातमी आमच्याआधीच गावात पोचलेली. बाबाची बायको दारातच उभी होती. तिने नवऱ्याला बाहेरच थांबवलं. “झिजत्या माणसाचा हात कवळ्या लेकराले लागू देणार नाई मी. सव्वा महिन्यानं नाई आन् वरसानंही नाई.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “तुमी संग होते ना, डाक्तर? खरंच यायनंच मारलं काय?”

इथे कुणाला टोचायचं राहिलं नव्हतं. एक शब्द बोललो असतो तर म्हातारा सुटला असता. पण सगळी गल्ली ऐकत होती, आणि सरकारी माणसाने, डाक्तरने, पोरासारखं ढेकूळ मारलं हे मला सांगवेना. मी म्हणालो, “हो माय, त्यांनीच.”

बाबाने माझ्याकडे पाहिलंही नाही. पायातल्या वहाणा काढून तो ओसरीच्या कोपऱ्यात जाऊन बसला.

त्यानंतर तिने नवऱ्याच्या करदोड्यावर नजर ठेवली. कंबरेचा दोरा सैल दिसला की झालं, माणूस झिजला! आणि सत्तरीच्या माणसाचा करदोडा सैल होणारच. मी ताजातवाना होतो, माझं वजन वाढत होतं. पुढे खूप वर्षांनी अभ्यासकांनी तो पक्षी सातपुड्यात पुन्हा शोधून काढला, त्याला रानपिंगळा म्हणतात, पेपरात गाजावाजा झाला. मीही पाहिला होता, असं मी कुणाला सांगितलं नाही. तो कसा पाहिला, हेही मग सांगावं लागलं असतं.

ढेकूळ मारल्यानंतर वर्षाने मी पुन्हा त्या गावात गेलो. नातवाला टोचायचं होतं. आजीने त्याला अंगणात सोडलं होतं, तो नुकताच चालायला लागला होता. माझी पेटी पाहून बिचकला आणि वळून थेट ओसरीकडे धावला. बाबा उठून उभा राहिला तोवर पोराने त्याच्या दोन्ही पायांना मिठी घातली, धोतरात तोंड खुपसलं.

म्हाताऱ्याने दोन्ही हात डोक्याच्या वर धरले. आत चुलीपाशी बायको होती. तो तसाच उभा राहिला आणि हळूच मला म्हणाला, “डाक्तर, तुमी पाह्यलं ना? म्या हात नाई लावला. तिनं इचारलं तर तुमी सांगसान.”

मी म्हणालो, “सांगेन, बाबा.”